आई, गाडी चावली! : बडोदा ते धोलावीरा

धोलावीराला जायचं हे बाबांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. चारपाच हजार वर्षांपूर्वी रणाच्या मधोमध शहर वसवणाऱ्या माणसांनी पाणी कसं साठवलं, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. बडोद्याहून कच्छ काही फार लांब नाही. पण बाबांचं इन्सुलिन, आईचे गुडघे आणि 'तिथे बाथरूम कसं असेल' ही आमच्या घरची पिढीजात चिंता, यामुळे बेत दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचा.

मग माझ्या मावसभावाने त्याची जुनी डिझेल व्हॅन विकायला काढली आणि माझ्या नवऱ्याला कल्पना सुचली. आपण फिरतं घरच का करू नये? आरटीओची मंजुरी, सुतार, वेल्डर असं सगळं करत सहा महिन्यांत गाडीत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रीज आणि आईच्या मनासारखं बाथरूम झालं. वायरिंग मी माझ्याकडे घेतलं. मी बी.ई. कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकलशी संबंध पहिल्या वर्षीच्या एका पेपरपुरता. पण घरात इंजिनियर मी, त्यामुळे ट्यूबलाइट बंद पडली तरी हाक मलाच येते.

गाडीत दोन बॅटऱ्या. एक गाडीची स्वतःची, इंजिन सुरू करायला. दुसरी घराची, 200 अँपिअर-अवरची लिथियम, फ्रीज, दिवे, पंखे चालवायला. ही दुसरी बॅटरी भरायला मी तीन वाटा ठेवल्या. पहिली वाट इंजिनचा अल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक आजही डायनेमो म्हणतात. दुसरी छतावरची 400 वॅटची सोलर पॅनल. तिसरी बाहेरची लाईट: कुठे मुक्काम केला की वायर सोडून 230 व्होल्ट घ्यायचे आणि चार्जर लावायचा.

ऑफिसात आम्ही हेच करतो. एक सर्व्हर पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा. 'तीन वाटा आहेत, वीज जाणारच नाही,' असं मी बाबांना छातीठोक सांगितलं. त्या भरवशावर त्यांनी महिन्याभराची इन्सुलिनची पेनं फ्रीजमध्ये ठेवली.

पहिली रात्र

गेल्या वर्षी डिसेंबरात निघालो. अहमदाबाद, विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद. रस्त्याच्या एका बाजूला छोट्या रणाचा पसारा सुरू झाला आणि मिठाचे ढीग दिसू लागले. अगरिया लोक इथे जमिनीखालचं खारं पाणी पंपाने उपसून वाफ्यांत सोडतात आणि उन्हात मीठ पिकवतात. पूर्वी पंप डिझेलवर चालायचे, आता ठिकठिकाणी सोलर दिसतात. सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ लागतं. पुलावर वाऱ्याने गाडी हलत होती आणि लेक खिडकीला नाक लावून 'आई, बर्फ!' ओरडत होती. ते मीठ आहे, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

सामखियाळीच्या पुढे हायवेवरच्या एका ढाब्याच्या आवारात मुक्काम केला. मालकाने आनंदाने लाईट दिली. मी वायर सोडली, चार्जर सुरू झाला, हिरवा दिवा लागला. गरम बाजरीचा रोटला, शेव-टमाट्याची भाजी, ताक. जेवून परतलो. ढाब्याच्या पोऱ्याने नुकतंच अंगणात पाणी मारलं होतं. लेक चपला हातात घेऊन पळत पुढे गेली, गाडीच्या दाराला हात लावला आणि किंचाळली:

"आई, गाडी चावली!"

मी धावत गेले आणि माझ्याही बोटांना मुंग्या आल्या. नवऱ्याने आधी जाऊन वायर काढली, मग दाराला हात लावला. काहीच नाही. लेकीला काही झालं नव्हतं, ती दोन मिनिटांत हसायलाही लागली. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

काय झालं होतं ते नंतर नीट समजून घेतलं, ते इथेच सांगते. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट गाडीच्या पत्र्यावर येत असतो. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. ढाब्याच्या सॉकेटला भोकं तीन होती, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. गाडी उभी रबरी टायरवर, म्हणजे तिलाही जमिनीचा स्पर्श नाही. त्यामुळे तो करंट पत्र्यावरच थांबला आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या लेकीच्या हातातून त्याला वाट मिळाली. इतक्या थोड्या करंटने फक्त झिणझिण्या येतात. पण त्याच वेळी आत एखादी फेजची तार सुटून पत्र्याला टेकली असती, तर? हे वाक्य मी आजही पूर्ण करत नाही.

आम्ही जागा बदलली. मालकाने स्वतःच्या खोलीतून, अर्थिंग असलेल्या पॉइंटवरून लाईट दिली. टेस्टरने तपासलं, दार 'चावत' नव्हतं. निश्चिंत झोपलो.

दुसरी चूक, तिसरी चूक

सकाळी उठले तर बॅटरी 16 टक्क्यांवर. रात्रभर चार्जर लावलेला असताना!

कोडं सुटायला अर्धा तास लागला. मध्यरात्री ढाब्याची लाईट गेली होती. लाईट गेली की आमचा इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि गाडीतले सगळे 230 व्होल्टचे पॉइंट चालवतो. आणि मी चार्जर लावला होता त्याच पॉइंटांपैकी एकावर. म्हणजे बॅटरी इन्व्हर्टरला वीज देत होती, इन्व्हर्टर चार्जरला, आणि चार्जर पुन्हा बॅटरीला. प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णतेत जात होती. रात्रभर बॅटरी स्वतःलाच वाढत आणि स्वतःच जेवत बसली होती. प्रोग्रॅममध्ये असं झालं असतं तर पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं असतं.

आभाळ भरलेलं, सोलरमधून नावापुरते दोन-तीन अँपिअर. फ्रीज चालू ठेवायचा होता. मी म्हटलं, नाश्ता होईपर्यंत इंजिन चालू ठेवू, डायनेमो बॅटरी भरेल. गाठिया, तळलेल्या मिरच्या, चहा, पुन्हा चहा. दीड तास इंजिन नुसतं गुरगुरत उभं होतं.

रापरच्या वाटेला लागलो आणि थोड्या वेळाने जळक्या वार्निशचा वास आला. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. डायनेमो गेला होता. जुनं डिझेल इंजिन, त्यामुळे गाडी चालत राहिली. दिवे, पंखे, टेप, सगळं बंद करून, गाडीच्या बॅटरीत उरलेल्या दमावर आम्ही कसेबसे रापरला पोचलो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाबा फ्रीजचा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

रापरचे काका

रापरमध्ये विचारत विचारत एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गेलो. साठीचे गृहस्थ, कानावर पेन्सिल. त्यांनी डायनेमो उतरवला, उघडला आणि काळं पडलेलं वाइंडिंग माझ्यासमोर धरलं. मग मला बोनेटपासून मागच्या बॅटरीपर्यंत गेलेली जाड तार दाखवायला सांगितली. मी अभिमानाने दाखवली. मधे फक्त एक रिले होता: इंजिन सुरू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या.

काका हसले. "बेन, बॅटरी भूखी छे, ने डायनेमो बिचारो एकलो."

आमच्या ऑफिसातला कुठलाही सीनियर हे इतक्या थोडक्यात सांगू शकला नसता. शिशाची जुनी बॅटरी भरत आली की स्वतःच कमी कमी करंट घेते. लिथियमचा आतला विरोध फार कमी असतो. ती रिकामी असेल तर मिळेल तेवढं ओढत राहते, अगदी भरत येईपर्यंत. आमचा डायनेमो 90 अँपिअरचा, पण ती क्षमता इंजिन पळत असतानाची. गाडी उभी असताना तो हळू फिरतो, आणि त्याला थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असल्याने तोही हळूच फिरतो. म्हणजे काम पूर्ण ताकदीचं आणि वारा नाही. दीड तासात वाइंडिंग भाजून निघालं. बॅटरी भरण्यासाठी इंजिन उभ्या उभ्या चालू ठेवणं, हाच नेमका सगळ्यात वाईट उपाय होता.

काकांकडे दुरुस्त करून ठेवलेला एक डायनेमो होता, तो बसवायला संध्याकाळ झाली. बाबांच्या इन्सुलिनचा डबा काकूंनी केव्हाच आत नेऊन त्यांच्या फ्रीजमध्ये, ताकाच्या बरणीशेजारी ठेवला होता. रात्री त्यांच्याच आवारात गाडी लावली. लाईट देण्याआधी काकांनी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. मग फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून तो पेटल्याचं मला दाखवलं. हा प्रयोग त्यांच्यासारख्यांनीच करायचा, आपण नाही. त्यांनी ती जाड तार सोडून ठेवली आणि बजावलं, घरी जाऊन नीट कर, तोवर सोलरवर राहा.

पाण्याचं शहर

सकाळी आभाळ मोकळं झालं होतं. रापर, बालासर मागे टाकून खडीर बेटाकडे निघालो. बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे, रणातलं. रस्ता पांढऱ्या रणातून जातो आणि समोर खडीरची काळसर टेकाडं वर येतात.

धोलावीराचा शोध 1960च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जगतपती जोशी यांनी लावला. पुढे 1990पासून रवींद्रसिंग बिश्त यांच्या देखरेखीखाली इथे मोठं उत्खनन झालं. 2021मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. बालेकिल्ला, मधलं शहर, खालचं शहर, असे तीन भाग आजही पायी फिरताना समजतात. उत्तर दरवाजापाशी दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली होती. ती काय सांगते, हे अजून कोणालाच वाचता आलेलं नाही. लेकीने अंदाज केला, 'चपला इथे काढा.'

पण बाबा थांबले ते तलावांपाशी. पूर्वेकडचा तलाव सुमारे 73 मीटर लांब आणि 29 मीटर रुंद, खाली उतरायला दगडी पायऱ्या. गुडघ्यांची तक्रार करणारी आई वर सावलीत बसली आणि बाबा काठाने तासभर फिरत राहिले.

या शहराला बारमाही नदी नव्हती. उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर, असे दोन ओढे, तेही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्यात किल्ल्यावर पडणारं पावसाचं पाणी आणि विहिरी. म्हणजे पाणी यायच्या वाटा अनेक, पण एकही खात्रीची नाही. बाबा मला दाखवत होते: ओढ्यावर आधी बंधारा, मग वळवलेलं पाणी तलावात. एका तलावापासून दुसऱ्या तलावामध्ये बांध, म्हणजे गाळ मागे राहतो आणि जास्तीचं पाणी पुढे जातं. किल्ल्यावरच्या पावसाला वेगळ्या दगडी नाल्या.

"बघ," बाबा म्हणाले, "पाणी हवं होतं म्हणून ओढा सरळ घरात नाही घेतला यांनी. प्रत्येक पाण्याला आधी अडवलंय, मग मोजून आत घेतलंय. नुसत्या वाटा वाढवून काय होतं? एक दिवस सगळ्या एकदम येतात."

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या ज्यांच्या सोसायटीत शिरलं, त्या आपल्या बडोदेकरांना हे वेगळं समजावायला नको. मी मात्र त्या काठावर उभी राहून माझ्या वायरिंगचाच विचार करत होते. मी तीन ओढे आणले होते आणि एकही बंधारा बांधला नव्हता.

बाबांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. दोन दिवसांत तो विषयच त्यांनी काढला नव्हता. त्यामुळे मलाच जास्त लागलं.

पुढे खावड्याकडे जाणारा रस्ता पकडला. सुमारे तीस किलोमीटर दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र रण, मधे एक सरळ काळी रेघ. दुपारी गाडी बाजूला लावून आईने पिठलं केलं. सोलर जोरात चालू होतं, बॅटरी हळूहळू 40, मग 55 टक्क्यांवर आली. फ्रीज चालू होता. एकाच ओढ्यावर, पण नीट भरत होती. भुजमार्गे घरी आलो.

घरी आल्यावर काय बदललं

आपल्या मंडळातल्या दोन-तीन तरुण मंडळींनी अशी गाडी करायचं मनावर घेतलंय, म्हणून हे जरा तपशिलात लिहिते.

डायनेमो आणि घराची बॅटरी यांच्यामधला रिले काढला आणि तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लावला. तो डायनेमोकडून 30 अँपिअरच्या आसपासच घेतो, बॅटरी कितीही भुकेली असो. इंजिन बंद की तो बंद, त्यामुळे फ्रीज गाडीची बॅटरी खात नाही. त्या जाड तारेला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज लावले. आधी एकाच टोकाला होता. पण तार दोन बॅटऱ्यांच्या मधे असेल, तर वीज दोन्हीकडून येते. मधे कुठे घासून शॉर्ट झाली तर एक फ्यूज अर्धंच काम करतो.

सोलर, डायनेमो आणि बाहेरची लाईट, तिन्हींचे चार्जर एकाच बॅटरीला एकाच वेळी जोडलेले चालतात. पण तिन्हींच्या सेटिंगमध्ये शेवटचा व्होल्टेज सारखा हवा. आमच्या लिथियमला तो 14.2 आहे. माझा सोलर कंट्रोलर शिशाच्या बॅटरीच्या सेटिंगवरच राहिला होता. एकाचा व्होल्टेज जास्त असेल, तर बाकीचे 'भरली' समजून थांबतात आणि तो एकटा बॅटरीला जास्तीचं भरवत राहतो. शिवाय तिघांची बेरीज बॅटरीच्या मर्यादेत हवी. आमची बॅटरी जास्तीत जास्त 100 अँपिअर घेऊ शकते आणि तिघांचे मिळून 90 होतात. ही बेरीज मी आधी केलीच नव्हती.

बाहेरच्या लाईटसाठी दारातच छोटा बोर्ड केला. त्यात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे आणि व्होल्टेज फार कमी-जास्त झाला तर तोडणारं यंत्र आहे. आधी सॉकेट टेस्टर लावायचा. त्याने अर्थिंग नाही म्हटलं तर वायर जोडायची नाही, मग मालक कितीही आग्रह करो. वायरचं रीळ पूर्ण उलगडायचं, कारण गुंडाळलेली वायर जड लोडवर तापते. गाडीला कोणाचा हात लागण्याआधी, आणि पावसापाण्यात तर नक्कीच, पत्र्याला टेस्टर लावून बघायचा.

आणि चार्जर आता इन्व्हर्टरच्या पॉइंटवर नाही. त्याची वेगळी लाइन आहे, बाहेरची लाईट असेल तरच तिच्यात वीज येते. मधे चेंजओव्हर स्विच आहे, त्यामुळे इन्व्हर्टर आणि बाहेरची लाईट कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. 230 व्होल्टचं हे सगळं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. मी फक्त आकृती काढून दिली. त्यातही त्याने दोन चुका काढल्या.

या जानेवारीत पुन्हा गेलो. त्याच वाटेने, तेच सगळे. सामखियाळीला रात्री लाईट गेली. सकाळी बॅटरी 71 टक्के. मी आकडा दोनदा बघितला. नाश्त्याला इंजिन बंद ठेवलं आणि गाठिया शांतपणे खाल्ले.

रापरला काकांकडे थांबलो. त्यांच्यासाठी लीलो चेवडा आणि आईने केलेले डिंकाचे लाडू नेले होते. काकांनी चहाच्या आधी बोनेट उघडायला लावलं, क्लॅम्प मीटर तारेभोवती धरला, नवऱ्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. मीटरवर 31 आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी मान हलवली, मीटर खिशात टाकला आणि मगच लाडवाचा डबा हातात घेतला.

धोलावीराला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, नंतर ऊन सोसत नाही. निघण्याआधी पाणी आणि डिझेल भरून घ्या. वायरिंगची आकृती कोणाला हवी असेल तर मंडळाकडे कळवा, मी पाठवते. इलेक्ट्रिशियनने काढलेल्या त्या दोन चुका सुधारून.